३१ भाग, ७२ हजार आणि सासूबाईंच्या तीन गोधड्या

परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलीने विचारलं, मॅडम तुमच्या त्या पॉडकास्टला खर्च किती येतो हो, मला पण सुरू करायचाय. मी पटकन म्हणून गेले, अगं काही नाही, मोबाइल आहे ना, झालं तर मग. आणि संध्याकाळी लेडीज डब्यात एका पायावर उभी असताना जाणवलं की किती सहज थाप मारली आपण. तशी अगदीच थाप नाही, पहिला भाग मी खरंच मोबाइलवर केला होता, पण आता घरात जे काय साठलंय ते बघता त्या पोरीला फसवल्यासारखं वाटलं. मी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासणारी बाई, स्वतःच्या या उद्योगाचा हिशोब कधी मांडलाच नव्हता. मुद्दामच नव्हता मांडला खरं तर. मग रविवारी एक्सेल उघडून बसले.

आधी पॉडकास्ट कशावर आहे ते सांगते (नाव सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होतं). छोट्या रेल्वेवर. म्हणजे नॅरोगेज. माझं आजोळ कुर्डुवाडी, मामा रेल्वेत, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बार्शी लाईट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ ला सुरू झाली, एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधली. त्याचं डोकं असं की इंजिन असो नाहीतर मालडबा, कुठल्याच आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि लाईन स्वस्तात होते. मग ती १९०६ ला पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. वारीच्या दिवसांत नुसती फुललेली असायची. १९५४ ला सरकारने ताब्यात घेतली आणि २००० नंतर हळूहळू सगळीकडे ब्रॉडगेज झालं. हाच काल्थ्रॉप पुढे विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवायच्या मागे लागला, त्यावर माझा अख्खा एक भाग आहे, आणि तोच सगळ्यात कमी ऐकला गेलाय, असो.

तर रेल्वे स्वस्तात कशी करायची याचा आयुष्यभर विचार करणाऱ्या माणसावर मी पॉडकास्ट करते आणि मला स्वतःला काही ते स्वस्तात जमलं नाही.

सुरुवात जुलै २०२१. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केक केले, आंबवलेले पाव केले, मला ते जमत नाही म्हणून मी हे केलं. पहिले तीन भाग मोबाइल टेबलावर उभा करून बोलले, मला वाटायचं काय छान येतोय आवाज. मग मुलाने स्वतःचा हेडफोन माझ्या कानाला लावला आणि काही न बोलता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बाथरूममधून बाई बोलतेय असं वाटत होतं. आपली घरं तशीच ना, खाली फरशी, वर स्लॅब, भिंतीवर ऑइल पेंट, आवाज जातो आणि तस्साच परत येतो. त्याच दिवशी ८५० रुपयांचा कॉलरला लावायचा माइक मागवला. तो अजून आहे, चांगला आहे, फक्त त्याला एक बटणाएवढा सेल लागतो आणि तो कधी संपतो ते तो सांगत नाही. बार्शीला एका निवृत्त गार्डकाकांकडे पाऊण तास बोलले, त्यांनी पुराच्या पाण्यात गाडी अडकल्याचा असा किस्सा सांगितला की माझ्या डोळ्यात पाणी, आणि घरी येऊन बघते तर फाइल कोरी. म्हणजे अगदी कोरी नाही, खूप लांबून कुणीतरी समुद्राखाली बोलतंय असं काहीतरी. तेव्हापासून समोरचा बोलत असताना मी हेडफोन लावूनच बसते. वाईट दिसतं, मोठ्या माणसासमोर कानाला ते टोपलं लावून बसायचं, पण काकांना परत तोच किस्सा सांगायला लावणं त्याहून वाईट होतं. त्यांनी सांगितला बिचाऱ्यांनी, दहा मिनिटांत आटोपला, पाणी कमी झालं होतं दुसऱ्या वेळी.

मग मी केली ती चूक जी सगळे करतात. यूट्यूबवर व्हिडिओ बघून ४,२०० चा यूएसबी कंडेन्सर माइक घेतला. स्टँड, निळा दिवा, एकदम स्टुडिओ. कंडेन्सर माइक म्हणजे घरातल्या त्या आत्यासारखा असतो जिला तीन खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकू येते. पंखा त्याला ऐकू येतो, शेजारच्या काकूंचा मिक्सर ऐकू येतो, आणि आमच्या लिफ्टचं ते "प्लीज क्लोज द डोअर" तर असं स्पष्ट की वाटावं पाहुणी म्हणून बोलावलीय. सहा महिन्यांनी भाच्याच्या गेम खेळणाऱ्या मित्राला दोन हजारात विकला. त्यानंतर डायनॅमिक घेतला, गाणारे हातात धरतात त्या जातीचा, साडेसात हजार, वर हाताचा स्टँड अकराशे. तो फक्त चार बोटांवरचं ऐकतो, लांबचं त्याला काही पडलेलं नसतं. आमच्यासारख्या घरांना हाच बरा, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर. त्या ऑफिसातल्या मुलीला सोमवारी पहिलं हेच सांगितलं.

पण चार बोटांवरून बोलायचं म्हटलं की दुसरं दुखणं. इंग्रजी व्हिडिओवाले सांगतात की पी आणि बी ला सांभाळा, माइकवर हवेचा फटका बसतो. अरे बाबांनो, आमच्याकडे फ आहे, भ आहे, ख आहे, ध आहे, ठ आहे! आणि माझ्या विषयातले शब्द बघा, भट्टी, धूर, खलाशी, फायरमन, फावडं. एकेक शब्द माइकवर थुंकल्यासारखा फटफट वाजायचा. जाळी विकत मिळते, पण मी सासूबाईंची भरतकामाची रिंग घेतली आणि त्यावर माझा जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला, खर्च शून्य. शिवाय माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा गालाकडे तिरका ठेवायचा, हे कळायला आठ भाग गेले. आठव्या भागाच्या आधीचे भाग ऐकू नका. म्हणजे ऐका, पण धूर हा शब्द आला की आवाज कमी करा.

आता खऱ्या खर्चाकडे येते. शांतता.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, तिसरा मजला, खिडकीतून दगड मारला तर रुळावर पडेल. दिवसभर लोकल, मध्ये मध्ये मेल गाड्या, खाली भाजीवाला, भंगारवाला रेकॉर्ड केलेला आवाज लावून, साडेसातला समोरच्या देवळातली आरती, श्रावण संपत आला की मैदानावर ढोलताशांची प्रॅक्टिस. कुकरच्या शिट्ट्या तर मी वेळापत्रकासारख्या पाठ केल्यात, वरच्या मजल्यावरच्या वहिनी डाळीला चार घेतात, खालच्या तीन. मी सुरुवातीला म्हणायचे की असू दे ना, रेल्वेवरचा पॉडकास्ट आहे, मागे गाडी वाजली तर बिघडलं कुठे. एका श्रोत्याने तर कौतुकाने लिहिलं, बॅकग्राउंड इफेक्ट फारच मस्त टाकलेत. पण तो भाग होता १९२७ सालच्या मिरज लाईनचा, वाफेच्या इंजिनाचा, आणि मागून आपला आत्ताच्या लोकलचा भोंगा. एका रेल्वेप्रेमी गृहस्थांनी मग तो भोंगा कुठल्या बनावटीच्या गाडीचा ते नेमकं ओळखून मला कळवलंच. रेल्वेवाली माणसं असं काही सोडत नाहीत.

म्हणून मग वेळ ठरली रात्री दीड ते साडेतीन. शेवटची लोकल गेली की पहिली यायच्या आत. बेडरूममध्ये कपाट उघडं टाकायचं कारण कपडे आवाज पितात, भिंतीला दोरी बांधून तीन गोधड्या लटकवायच्या, सासूबाईंच्या हातच्या, त्यांच्या आईच्या नऊवारीच्या. दुकानातले ते काळे फोमचे चौकोन मी बघितले होते, पण गोधडी जाड असते, आठ आठ पदर असतात, तिच्यासमोर तो फोम काहीच नाही असं माझं ठाम मत आहे. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, उबेसाठी शिवल्या होत्या गं मी, फाशी द्यायला नाही. खिडक्यांना जाड पडदे, २,४०० रुपये. आणि पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून, खिडकी बंद करून, गोधड्यांच्या मधे बसून पंचेचाळीस मिनिटं बोलून बघा. ओढणीने पुसलेला घाम माइकला ऐकू येतो, हो, ओढणीची सळसळ. बांगड्या काढून ठेवायच्या. तोंड कोरडं पडलं की जिभेची टकटक येते म्हणून पाणी, आणि पाणी जास्त झालं की पोटातून गुडगुड, तीही येते. आणि एवढं सगळं करून रंगात आलं की कल्याणकडून मालगाडी निघते. मालगाडीला काही शेवटची गाडी नसते. अठ्ठावन्न डबे मोजत गप्प बसायचं आणि मग वाक्य परत पहिल्यापासून.

मध्यंतरी वाटलं माथेरानला जाऊ, तिथे मोटारींना बंदी, शांतच शांत, आणि १९०७ ची ती दोन फुटी गाडी म्हणजे माझ्याच विषयातली. जानेवारी २०२३ ला गेलो दोघं. साडेनऊ हजारांचा हातातला रेकॉर्डर नुकताच घेतला होता, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी येते, ४५० रुपयांची, मुलगा त्याला उंदीर म्हणतो. स्टेशनबाहेरच्या झाडाखाली मी डोळे मिटून शांतता रेकॉर्ड करत बसले होते, लाल मातीत घोड्यांच्या टापा इतक्या सुंदर येत होत्या, आणि माकडाने उंदीर पळवला. टोपी ओढताना झालेला जो आवाज आहे आणि त्यानंतर माझा जो आवाज आहे तो मी जपून ठेवलाय, कधीतरी भागात टाकेन. नवरा आजही पाहुण्यांना तो प्रसंग करून दाखवतो.

बरं, माझं एकटीचं बोलणं हे सोपं. मामांकडे जायचं म्हणजे वेगळं प्रकरण. मामा आता ८२ चे. १९६२ ला कुर्डुवाडीच्या शेडमध्ये खलाशी म्हणजे मदतनीस म्हणून लागले, मग फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारे. माणूस असा की पारावर बसला तर चार तास बोलेल आणि लोकं जेवायला जायची नाहीत. मी रेकॉर्डर समोर ठेवला आणि मामा एकदम शाळा तपासायला साहेब आल्यासारखे ताठ. "सदर इंजिनाचे वजन अत्यंत हलके होते व त्यास कोळसा कमी लागत असे." मी म्हटलं मामा, हे काय, नेहमीसारखं बोला ना. तर म्हणे, "आगं, आकाशवाणीवर आसंच बोलत्यात." मामी तर नवं इरकल नेसून बसल्या होत्या. त्यांना सांगितलं की मामी हे नुसतं ऐकायचं असतं, दिसत नाही. तर म्हणाल्या, "आसू दे की, आपल्याला तर दिसतंय."

पहिला एक तास सगळा सदर आणि अत्यंत मध्ये गेला. शेवटी मी म्हटलं, झालं मामा, संपलं, थँक्यू, आणि हेडफोन काढला. चहा आला. आणि मामांनी बशीत चहा ओतला आणि सुरू झाले, की एकदा कसा पावसात कोळसा भिजला आणि भट्टी धरंना, वाफ चढंना, "डायवर शिव्या घालतोय, मागं डब्यात वारकरी इठ्ठल इठ्ठल करत्यात, आन मी त्या फावड्यासंगट रडतोय." रेकॉर्डर चालूच होता. मी मुद्दाम ठेवला होता असं नाही म्हणणार, पण बंद केला नव्हता हेही खरं. नंतर मला इतकं अपराधी वाटलं की रात्री जेवताना सांगून टाकलं. मामांनी घास थांबवला, म्हणाले परत ऐकव. ऐकवलं. पूर्ण ऐकलं, मग म्हणाले, "शिव्या काढून टाक, बाकीचं ऱ्हाऊ दे." तो आमचा सगळ्यात जास्त ऐकलेला भाग, ६१२ वेळा. आता मी सगळ्यांना आधीच सांगते की चहा संपेपर्यंत हे चालू राहील, आणि आल्यागेल्या सगळ्या गप्पांमधलं काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा. म्हणजे प्रत्येकाला कापलेला भाग परत ऐकवायला एक फेरी नाहीतर एक मोठा फोन, तो वेळ वेगळा.

वेळेचंच सांगते. गेल्या दहा भागांचे तास मी लिहून ठेवले होते, साधारण बावीस निघतात. अर्ध्या तासाच्या एका भागाला बावीस तास. यातलं बोलणं दोन अडीच तास, बाकी सगळं आधीचं आणि नंतरचं. वाचनाला चार पाच तास, कधी वायाही जातात, म्हणजे मी दोन रविवार घालवून सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचलं, बार्शीचा कापसाचा बाजार वगैरे सगळं फार छान, आणि बार्शी लाईट काही सापडेना. मग लक्षात आलं की ते छापलंय १८८४ ला आणि गाडी आली १८९७ ला. पहिल्या पानावर साल होतं हो. बँकेत चेकवरची तारीख न बघता पास केला असता तर मेमो मिळाला असता.

कापाकापीला सहा सात तास. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. दीड तासाचं बोलणं ऐकत ऐकत अर्धा तास करायचा. "म्हणजे", "काय ते", "तुला सांगते" हे सगळे काढायचे, पण सगळे काढले की माणूस राहत नाही, मशीन बोलतं. हे मला उशिरा कळलं. मामांच्या "काय सांगू तुला" नंतरचा जो श्वास आहे तो मी एकदा कापला आणि वाक्य एकदम पोरकं झालं, परत जोडला. प्रत्येक ठिकाणची नुसती शांतता दहा पंधरा सेकंद वेगळी रेकॉर्ड करून आणायची, कारण कापलेल्या जागी अगदीच काही नसेल तर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं, तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. हे मला फार आवडतं, उगीच. माझ्याकडे फोल्डर आहे, कुर्डुवाडी मामांची ओसरी शांतता, बार्शी गार्डकाका शांतता, मिरज प्लॅटफॉर्म शांतता (ही काही शांत नाही).

मग आवाजाच्या पातळ्या. मामा बॉयलरशेजारी उभं राहून राहून कानाने गेलेत, त्यामुळे ओरडून बोलतात. गार्डकाका पुटपुटतात. मी दोघांच्या मधे. सगळ्यांना एका पातळीला आणायचं, स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप), मोनो असेल तर उणे १९, असे आकडे असतात, सॉफ्टवेअर करून देतं, पण आधी हाताने चढउतार केले नाहीत तर ते मामांना दाबतं आणि कुत्र्याचं भुंकणं वर आणतं. परत मी ते कानात घालून लोकलमध्ये ऐकते, कारण ऐकणारे तिथेच ऐकणार आहेत. मुंब्र्याच्या बोगद्यात जर गार्डकाका ऐकू आले तर भाग पास.

काल्थ्रॉप हे आडनाव मी पहिल्या भागात तीन प्रकारे उच्चारलंय. चौथ्यांदा नीट बोलून, तिन्ही ठिकाणी चिकटवायला एक आख्खी रात्र गेली आणि ते चिकटवलेलं अजून कळतं, कारण तेव्हा मला सर्दी होती.

गाण्यांचं लोक फार सांगतात. अमुक सिनेमात गाडीचं गाणं आहे ना, ते टाका मागे. नाही टाकता येत बाई, हक्क असतात, रेकॉर्डिंगलाच आपल्याकडे प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि गाणं लिहिणारा, चाल लावणारा यांचे वेगळे, ते गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणून तीन हजार देऊन एका माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या मुलाकडून वीस सेकंदांची धून करून घेतली, कागदावर सही शिक्क्यासकट. सही माझ्या आग्रहामुळे, तो म्हणत होता राहू द्या ना काकू. बँकेची सवय. मुखपृष्ठाचं चित्र भाचीने काढलं, तिला थाळी खाऊ घातली. ते चित्र तीन हजार बाय तीन हजारचं करा असं म्हणतात आणि दिसतं मात्र नखाएवढं.

फाइल कुठेतरी ठेवायला लागते तिथून सगळ्या अॅप्सना ती जाते, त्याचं एक वर्ष मी पैसे भरले, अकरा हजार. का भरले हे आता आठवत नाही, बहुतेक कुठल्यातरी चार्टसाठी. श्रोते कुठल्या देशातले, किती मिनिटांनी सोडून गेले, असं सगळं रंगीत दाखवायचे. ते बघून मी रात्री झोपायचे नाही. चौथ्या मिनिटाला लोकं जातात, तर चौथ्या मिनिटाला मी काय बोलले? आणि नातेवाइकांचे मेसेज, ऐकला गं भाग, सुंदर! आणि आकडा बघावा तर एकूण नऊ. वर्ष संपल्यावर फुकटवाल्याकडे परत आले, तिथे आकडे कमी दिसतात, झोप येते. २०२४ ला एक मोठं अॅपच बंद झालं आणि माझे बरेच जुने ऐकणारे त्याच्याबरोबर गेले, त्यातले किती परत आले देव जाणे. मामींच्या फोनवर काही कुठलं अॅप नाही, फोन गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेला, त्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्येक भागाची वेगळी बारीक फाइल करते, अठ्ठावीस एमबीची अकरावर आणून व्हॉट्सअॅपला. अकरासाठी पण मामींना चार फुलं काढून टाकावी लागतात, त्या मला ते सांगतात.

तर एक्सेल. माइक, रेकॉर्डर, हेडफोन, हार्डडिस्क (तासाभराची कच्ची स्टिरिओ फाइल सहाशे एमबीच्या वर जाते, ४,३०० ची डिस्क भरत आलीय), पडदे, धून, ते अकरा हजार, आणि सगळ्यात मोठा आकडा प्रवास, २३ हजार, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, मिरज, माथेरान. कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही म्हणून पेढे आणि फळं ३,२००. एकूण ७२,००० रुपये, ३१ भाग. एका भागाला २,३०० च्या आसपास. सगळे भाग मिळून ४,३४० वेळा ऐकले गेलेत, म्हणजे कुणी एकदा ऐकलं की माझे साडेसोळा रुपये गेले. नवरा म्हणाला, त्यापेक्षा प्रत्येकाला बोलावून वडापाव दिला असता आणि समोर बसवून सांगितलं असतं. जमेच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या जाहिरातीचे १,५०० (त्यांना एका भागात तीनदा नाव हवं होतं, मी एकदाच घेतलं, ते परत आले नाहीत) आणि मामींनी दर खेपेला बांधून दिलेली शेंगाची चटणी, एकूण साधारण चार किलो. ती मी कशाला लावू, किंमत काय धरू, बाजारभावाने धरणं पाप आहे.

ही शीट मी नवऱ्याला दाखवली, तो टीव्हीवरची मॅच म्यूट करून नीट बघत होता, आणि शेवटी म्हणाला, यात माझी झोप कुठल्या रकान्यात टाकलीस? कारण रेकॉर्डिंगच्या रात्री तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो, सहा फूट माणूस पाच फुटी सोफ्यावर. सासूबाईंना रात्री फ्लश करायला बंदी, त्या बिचाऱ्या बादलीने हळू पाणी ओततात. मुलाने बारावीच्या वर्षात एकदा चिठ्ठी लिहून दारावर लावली होती, आज गाडी रद्द आहे. हे सगळे तास माझ्या बावीसमध्ये नाहीत. मी एक ओळ वाढवली, घरच्यांचे तास, आणि दर काय लिहावा ते सुचेना म्हणून रकाना रिकामा ठेवलाय. बँकेत रिकामा रकाना चालत नाही, निदान डॅश मारावा लागतो. डॅश पण मारला नाही.

सोमवारी त्या मुलीला मी हा आकडा सांगितला नाही. मोबाइलवर पाच भाग कर आणि मग ये असं म्हटलं, आणि आधी बघ म्हटलं की घरात गोधडी कुणाकडे आहे.

आणि परवा रात्री मामांचा फोन. नवीन फाइल मिळाली का विचारलं तर म्हणे मिळाली, ऐकली, दोनदा ऐकली. मग थांबून म्हणाले, "पोरी, त्यो भिजल्या कोळशाचा किस्सा हाय न्हवं, त्यात जरा चुकलं माझं. डायवर दुसरा व्हता. ज्याचं नाव घेतलं त्यो त्या दिवशी रजेवर व्हता, त्याचा नातू ऐकतोय म्हणं तुझं. तेवढं नीट करायला पायजे." मी म्हटलं मामा, तुमच्या फोनवरून एका वाक्यात सांगा, मी चिकटवते. तर म्हणाले, "आसं फोनवर न्हाई व्हायचं. येऊन जा. तुझी मामी पण म्हणतीय, शेंगा आल्यात नव्या."

सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय पुढच्या शुक्रवारचं, कल्याणहून, आरएसी २३ आहे. एक्सेलमध्ये टाकलं नाही अजून.